गणवेश उतरवल्यानंतरची पासष्ट वर्षं

मैत्रिणींनो, कॅप्टन लक्ष्मी हे नाव तुमच्यापैकी बहुतेकींच्या कानांवरून गेलेलं असेल. आझाद हिंद सेना, नेताजी सुभाषचंद्र बोस, झाशीची राणी रेजिमेंट आणि तिच्या प्रमुख डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन. गणवेशातला, टोपी घातलेला त्यांचा फोटोही कुठं ना कुठं पाहिलेला असतो. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. स्वातंत्र्यलढ्याचा धडा आला, की मुली हे एवढं धडाधडा म्हणून दाखवतात. पण “पुढं त्यांचं काय झालं गं?” असं विचारलं, की वर्ग गप्प! जणू लढाई संपली की माणूसही संपतं.

हिशेब करून पाहा. लक्ष्मीबाईंनी गणवेश चढवला १९४३ च्या जुलैनंतर. ब्रिटिशांनी त्यांना ब्रह्मदेशात पकडलं ते १९४५ च्या मे महिन्यात. म्हणजे सैन्यातली त्यांची कारकीर्द पुरती दोन वर्षंसुद्धा भरत नाही. आणि त्यांनी कानपूरला संसार मांडला १९४७ साली, आणि तिथंच २३ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी त्या गेल्या. ही झाली पासष्ट वर्षं! दोन वर्षांचं कौतुक सगळ्यांनी केलं. या पासष्ट वर्षांचं काय? संसार, नोकरी, पोरंबाळं सांभाळणाऱ्या तुम्हा-आम्हांला मला वाटतं त्या पासष्ट वर्षांतूनच जास्त घेण्यासारखं आहे.

अशी आई, अशी लेक

लक्ष्मीबाईंचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ चा, मद्रासचा. वडील मद्रासला नामांकित वकील. आई अम्मू ही केरळातल्या पालघाटकडची. या अम्मूचीच गोष्ट मोठी मजेची आहे. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. तेराव्या वर्षी वीसेक वर्षांनी मोठ्या असलेल्या स्वामीनाथनांशी लग्न ठरलं, तेव्हा म्हणे तिनंच अटी घातल्या. मला मद्रासला न्यायचं, इंग्रजी शिकवायचं, आणि घरी यायला उशीर झाला तर कुणी जाब विचारायचा नाही, कारण माझ्या भावांना कुठं कुणी विचारतं? तेरा वर्षांची पोर! आणि नवऱ्यानं त्या पाळल्यासुद्धा. हीच अम्मू पुढं आपल्या देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या घटना समितीची सभासद झाली आणि १९५२ साली लोकसभेतही निवडून गेली. लग्न म्हणजे शिक्षणाचा शेवट असं ज्यांना वाटतं, त्यांनी अम्मूबाईंचं नाव लक्षात ठेवावं.

घरात असं वारं असल्यावर मुलीही तशाच निघायच्या. धाकटी मृणालिनी म्हणजे सुप्रसिद्ध नर्तिका मृणालिनी साराभाई. थोरली आपली लक्ष्मी. लहानपणी ती आजोळी केरळात गेली, की रानातली, डोंगरातली माणसं लांबून हाळ्या देत जाताना तिला ऐकू यायची. त्यांची सावलीही अंगावर पडू नये अशी तिथली त्या काळची रीत. एके दिवशी ही पोर सरळ उठली, त्यांतल्या एका मुलीचा हात धरला आणि तिला खेळायला घेऊन गेली! आजी संतापली, पण नात काही हटली नाही. डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधी हातात हात धरायची ही सवय तिला लागली होती, असं मला वाटतं.

१९३८ साली लक्ष्मीबाई मद्रास मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाल्या. पुढं बाळंतपण आणि स्त्रीरोगांची पदविकाही घेतली. मधल्या काळात एका वैमानिकाशी लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. त्या काळात अशा बाईकडे समाज कोणत्या नजरेनं बघत असेल, ते मी तुम्हांला सांगायला नको. पंचविशीतली ही डॉक्टरीण रडत बसली नाही. १९४० साली ती सिंगापूरला गेली आणि तिथं तिनं दवाखाना काढला. पेशंट कोण? तर बहुतेक आपल्याकडून मजुरीसाठी गेलेली गरीब माणसं. ज्यांच्याकडून फी सुटेल की नाही याचा भरवसा नाही, अशी.

राणीचं नाव

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. जखमी युद्धकैद्यांची शुश्रूषा करण्यात लक्ष्मीबाई गुंतल्या. तिथल्याच हिंदी कैद्यांमधून स्वातंत्र्यासाठी सेना उभी राहत होती. २ जुलै १९४३ ला नेताजी सिंगापूरला आले आणि त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली. बायकांचीही पलटण हवी, आणि तिचं नाव झाशीच्या राणीवरून असायला हवं!

आपल्या मराठी मनाला हे ऐकून बरं वाटतं, नाही का? ताम्ब्यांची मनू, झाशीला नेवाळकरांच्या घरी गेलेली लक्ष्मीबाई १८५८ साली ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडते काय, आणि पंच्याऐंशी वर्षांनी समुद्रापलीकडच्या सिंगापुरात तिच्या नावानं पलटण उभी राहते काय! आणि तिचं नेतृत्व करणारी दुसरी लक्ष्मी मल्याळी आईची, मद्रासची.

नेताजींसमोर सुरुवातीला वीसेक बायकांनी हातात रायफली घेऊन मानवंदना दिली. त्या बायका गोळा करण्याचं काम लक्ष्मीबाईंचं. मग नेताजींनी त्यांना बोलावलं, कित्येक तास बोलणं झालं आणि पलटणीची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. लक्ष्मीबाईंनी दवाखाना बंद केला आणि लगेच कामाला लागल्या. २२ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात छावणी सुरू झाली. आदल्याच दिवशी जाहीर झालेल्या आझाद हिंद सरकारच्या मंत्रिमंडळातही त्या होत्या, आणि त्यात त्या एकट्याच बाई.

या पलटणीत मुली कुठल्या होत्या? पुष्कळशा मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या. आईबापांनी पोटासाठी देश सोडलेला. कितीजणींनी तर हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. मळ्यात ज्यांना माणूस म्हणून कुणी विचारलं नव्हतं, त्या पोरी कवायत करायला, नेम धरायला, रात्रीचा पहारा करायला शिकल्या. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. स्वातंत्र्य मिळायच्या आधीच त्यांतल्या कितीतरी जणी आपापल्या परीनं स्वतंत्र झाल्या होत्या.

खरं तेही सांगायला हवं. या मुलींना आघाडीवर जाऊन लढायची हौस होती, पण १९४४ ची इंफाळची मोहीम फसली आणि ती वेळ आलीच नाही. अनेकजणींनी ब्रह्मदेशात जखमी सैनिकांची सेवा केली. लक्ष्मीबाई स्वतः तिथं पुन्हा डॉक्टर झाल्या. १९४५ च्या एप्रिलमध्ये माघार सुरू झाली. खुद्द नेताजी रंगूनहून निघालेल्या मुलींच्या तुकडीबरोबर चिखलातून, विमानांच्या माऱ्यातून पायी चालले. लक्ष्मीबाई मात्र ब्रह्मदेशातच ब्रिटिशांच्या हाती लागल्या. मार्च १९४६ मध्ये त्यांना मायदेशी पाठवण्यात आलं. तोवर लाल किल्ल्यातला खटला गाजला होता आणि देशभर आझाद हिंद सेनेच्या नावाचा जयजयकार चालू होता.

जयजयकार ओसरल्यावर

खटल्यात तीन अधिकारी होते: शाहनवाज खान, गुरुबक्षसिंग धिल्लन आणि प्रेमकुमार सहगल. एक मुसलमान, एक शीख, एक हिंदू. यांतल्या प्रेमकुमार सहगल यांच्याशी मार्च १९४७ मध्ये लाहोरला लक्ष्मीबाईंचा विवाह झाला. वय बत्तीस. पुढं पाच महिन्यांनी तेच लाहोर परक्या देशात गेलं!

स्वतंत्र भारतात आझाद हिंद सेनेच्या लोकांना सैन्यात परत घेतलं गेलं नाही. हारतुरे सुकल्यावर पोटापाण्याचं बघणं आलं. सहगलांना कानपूरला कापडगिरणीत नोकरी मिळाली आणि लक्ष्मीबाईंचा संसार तिथं सुरू झाला. दोन मुली झाल्या. थोरल्या सुभाषिनी अली पुढं १९८९ साली कानपूरच्याच खासदार झाल्या.

आता विचार करा. जिनं पलटण चालवली, सरकारात मंत्रिपद सांभाळलं, ती बाई एका धुरकट गिरणगावात येते. नवरा नोकरीला, मांडीवर लहान मूल. आपल्यातली एखादी म्हणाली असती, “झालं माझं करून, आता घर बघते.” त्यात गैर काहीच नव्हतं. पण त्याच वेळी फाळणीचे लोंढे कानपुरात येत होते. घरदार गमावलेली माणसं, आणि त्यांत गरोदर बायका. लक्ष्मीबाईंनी औषधांची पेटी उघडली. आधी निर्वासितांसाठी, मग गिरणी कामगारांच्या बायकांसाठी, मग ज्या येतील त्या सगळ्यांसाठी. बाळंतपणं, तपासण्या, औषधं. हाच दवाखाना त्यांनी पुढं कितीतरी दशकं चालवला. वयाच्या ९२ व्या वर्षीही त्या नेमानं पेशंट तपासत होत्या!

दवाखान्याच्या कामाला फोटोत जागा नसते. एका बाईचं बाळंतपण सुखरूप झालं, याची बातमी होत नाही. रोज तेच. तीच अॅनिमिया झालेली बाई, तिला पुन्हा पुन्हा सांगायचं की अगं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊ नकोस. हे रोज करायला रायफल चालवण्याइतकीच शिस्त लागते. थोडी जास्तच लागत असेल. आणखी एक गंमत पाहा. कानपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर गंगेकाठी बिठूर आहे. तिथंच पेशव्यांच्या आश्रयाला मोरोपंत ताम्ब्यांची मनू लहानाची मोठी झाली. राणीच्या नावाच्या पलटणीची प्रमुख राणीच्याच बालपणीच्या गावाशेजारी सगळं आयुष्य घालवते. हा योगायोग मला फार आवडतो.

सत्तरीनंतरची कामं

संकट आलं, की मात्र या डॉक्टरीणबाई दवाखान्याबाहेर पडत. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले. तेव्हा त्या सरहद्दीवर बनगावला जाऊन तिथल्या छावणीत राबल्या. त्याच सुमाराला त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेल्या. १९८१ साली अखिल भारतीय जनवादी महिला संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या.

१९८४ सालचं वर्ष आठवा. ज्यांना आठवत नसेल त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारा. ऑक्टोबरअखेर इंदिराजींची हत्या झाली आणि उत्तरेत शिखांवर हल्ले सुरू झाले. कानपूरही पेटलं. सत्तरी गाठलेल्या लक्ष्मीबाई दवाखान्याजवळच्या चौकात जाऊन जमावासमोर उभ्या राहिल्या आणि त्या भागातल्या शिखांना, त्यांच्या दुकानांना त्यांनी धक्का लागू दिला नाही. महिन्याभरात, २ डिसेंबरच्या रात्री भोपाळला विषारी वायू सुटला. तिथंही त्या डॉक्टरांचं पथक घेऊन गेल्या.

आपण काय म्हणतो? “आता साठी उलटली, आता काय आमचं!” सत्तराव्या वर्षी आपल्या घरात बाईला देवळापर्यंत एकटं सोडायलाही मुलं कां-कूं करतात. बाईलाही हळूहळू तेच खरं वाटू लागतं.

त्यांची सगळी मतं सगळ्यांना पटतील असं नाही. १९९६ साली बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा विरोध करताना त्यांना अटक झाली. वय ८२! कुणाला वाटेल, कशाला या वयात? पण त्यांना जे चुकीचं वाटलं ते त्यांनी रस्त्यावर उतरून सांगितलं. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २००२ साली डाव्या पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं, तेही डॉ. अब्दुल कलामांच्या विरुद्ध! हार ठरलेलीच होती. कलामांना मतमूल्य मिळालं ९ लाख २२ हजारांवर, यांना १ लाख ७ हजारांवर. ८७ व्या वर्षी हरणार हे माहीत असून उभं राहायचं, आणि निकालानंतर पुन्हा दवाखान्यात पेशंट बघायचे, याला काय म्हणावं? मी तरी याला जिंकणंच म्हणते.

शेवटची देणगी

२०१२ च्या जुलैत हृदयविकाराचा झटका येऊन त्या गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह कानपूरच्या मेडिकल कॉलेजला देण्यात आला. १९३८ साली जिनं डॉक्टरकी पास केली, ती २०१२ साली विद्यार्थ्यांच्या टेबलावर स्वतःच धडा झाली.

इथं मला थोडं घरचं सांगू द्या. माझ्या सासूबाईंनी गेल्या वर्षी देहदानाचा फॉर्म आणला. त्यावर घरच्यांच्या सह्या लागतात. ह्यांनी तो फॉर्म तीन आठवडे कपाटात ठेवला. “आईचं असलं काही मला बोलवत नाही,” म्हणाले. नणंदबाईंनी तर फोनवर रडून गोंधळ घातला, “दहावं-तेरावं काही नाही का करायचं?” सासूबाई शांत. त्या म्हणाल्या, “माझ्या नावानं दहा मुलांना जेवू घाला, झालं. देह माझा आहे ना?” मग मी त्या दोघांना लक्ष्मीबाईंचं सांगितलं. ह्यांनी सही केली. नणंदबाईंचं मन अजून पुरतं वळलेलं नाही आणि तिला दोष देण्याची माझी इच्छाही नाही. आईचा प्रश्न असतो तेव्हा डोकं एक सांगतं, पोटातली माया दुसरंच सांगते. पण हे बोलणं आई धडधाकट असताना झालं, हे बरं झालं. आयत्या वेळी ते जमत नाही.

तुमच्याही घरी असा विषय निघाला, तर उपयोगी पडाव्यात म्हणून चार गोष्टी सांगते.

देहदानाचा फॉर्म मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. तो भरून ठेवला, तरी शेवटी देह नेऊन देणं नातेवाइकांच्याच हातात असतं. म्हणून घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा आणि विभागाचा फोन नंबर दिसेल अशा जागी लावून ठेवा. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर कळवावं लागतं. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील, तर कॉलेज देह घेत नाही. वाईट वाटून घेऊ नका.

नेत्रदान त्याहून सोपं. ते साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. नेत्रपेढीला फोन करायचा. ती माणसं येईपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी डोळे चालतात. आधी फॉर्म भरलेला नसला, तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात.

आणि मैत्रिणींनो, मेल्यानंतरचं सोडा, जिवंतपणीच करण्यासारखंही पुष्कळ आहे. लक्ष्मीबाईंनी काय केलं? जे येत होतं तेच केलं. डॉक्टरकी येत होती, ती ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यापर्यंत नेली. एवढंच, पण सोडलं नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. रोज सकाळी सातला त्या चार म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघून येतात, वहीत लिहून ठेवतात. कुणी त्यांचा सत्कार केलेला नाही. त्यांनाही तो नको आहे. “सातला माझी वाट बघतात हो,” एवढंच त्या म्हणतात.

तुम्हांला काय येतं? शिवण येतं? फॉर्म भरता येतात? शेजारच्या मोलकरणीच्या मुलीला गणित शिकवता येईल? दवाखान्यात एकट्या जायला घाबरणाऱ्या एखाद्या बाईबरोबर नुसतं जाऊन बसता येईल? आठवड्यातला एक तास ठरवा, वार ठरवा, आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून टाका. सुरुवातीला घरचे हसतील. महिनाभरानं तेच आठवण करून देतील, “आज तुझा तो वार ना?”